पांढरी पाचच्या जरा वर : टर्नटेबलमधल्या हमचा मागोवा

नोव्हेंबर १९०२ मध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित करत होते. गायिका कर्ण्याच्या तोंडाशी गायची, आवाजाच्या दाबाने पडदा थरथरायचा आणि पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरायची. ऐकताना हेच उलट क्रमाने घडे. चावी दिलेली स्प्रिंग तबकडी फिरवी, सुई पडदा हलवी आणि कर्णा आवाज मोठा करी. त्या तबकड्या खरखरत, स्प्रिंग उतरली की गाणं रडू लागे. पण दोन ओळींमधल्या शांततेत तरंगणारा तो जाड, सलग ‘हं’ त्यांत नव्हता. असणं शक्यच नव्हतं, कारण त्या साखळीत वीज नव्हती.

आज घरी टर्नटेबल आणणाऱ्या बहुतेकांची पहिली ओळख होते ती याच आवाजाशी, म्हणजे हमशी. रेकॉर्ड लावण्याआधी आवाज वाढवावा, तर स्पीकर आधीच गुरगुरत असतो. मग केबल बदलली जाते, ती जमली नाही की कार्ट्रिज, शेवटी अँप्लिफायरच. यात पैसे जातात आणि हम बऱ्याचदा तिथेच राहतो. कारण हम एकच नाही. रेकॉर्ड ऐकण्याच्या पद्धतीत झालेल्या जवळपास प्रत्येक मोठ्या सुधारणेने त्याला आत यायला एक नवी वाट करून दिली आहे. आपल्या घरातला हम कोणत्या वाटेने आला, हे ती वाट कधी आणि कशासाठी पडली ते कळल्यावर शोधणं सोपं होतं.

जमिनीतून परतणारी वीज

हमचा सगळ्यात जुना पूर्वज टेलिफोनच्या घरात सापडतो. १८३८ मध्ये जर्मनीत कार्ल श्टाइनहाइल यांनी दाखवून दिलं, की तारायंत्राला दोन तारा लागत नाहीत. एका तारेतून गेलेला प्रवाह जमिनीतून परत येऊ शकतो. निम्मी तार वाचली. चाळीस वर्षांनी टेलिफोन आला तोही याच एकतारी पद्धतीने. तारायंत्राच्या कट्ट-कडकट्टला जमिनीतले भटके प्रवाह फारसे अडत नव्हते, पण कानाला लावलेल्या टेलिफोनमध्ये ते ऐकू येत. शहरांत विजेचे दिवे आणि पाठोपाठ विजेच्या ट्राम आल्या, त्यांचेही प्रवाह त्याच जमिनीतून फिरू लागले आणि टेलिफोनवरचं बोलणं गुरगुरीत बुडू लागलं.

उपाय दोन टप्प्यांत झाला. आधी जमिनीवरची भिस्त सोडून परतीची स्वतंत्र तार टाकली गेली. मग त्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेल्या जाऊ लागल्या. याचं पेटंट खुद्द ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये घेतलं होतं. पिळामुळे दोन्ही तारांवर बाहेरचा उपद्रव सारखाच पडतो आणि दुसऱ्या टोकाला तो वजा होतो.

हमविषयीचं बहुतेक ज्ञान या दोन गोष्टींत येतं. परतीची वाट दुसऱ्याशी वाटून घेतली, की त्याची वीज आपल्या आवाजात मिसळते. दोन्ही तारा एकाच तोलाने उभ्या असल्या, की बाहेरचं आपोआप कापलं जातं. स्टुडिओंनी आणि रेडिओ केंद्रांनी टेलिफोनवाल्यांचं हे शहाणपण उचललं. तिथे आजही मायक्रोफोनची केबल तोलाची असते. घरगुती यंत्रांनी मात्र स्वस्ताई पाहिली. १९३० च्या दशकात आरसीए कंपनीने रेडिओसंचातल्या जोडणीसाठी एक साधी पिन वापरात आणली. मधला दांडा म्हणजे आवाजाची तार, भोवतीची कडी म्हणजे शिल्ड, बाहेरचा उपद्रव अडवणारं कवच, आणि परतीची तारही तीच. हीच आरसीए पिन आज जवळपास प्रत्येक टर्नटेबलच्या मागे असते. टेलिफोनने एकोणिसाव्या शतकात सोडलेली सामाईक परतीची वाट घरातल्या संगीताने अशी पुन्हा धरली.

खांबावरची वीज दिवाणखान्यात

१९२५ मध्ये अमेरिकेत व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या यंत्रणेवर विजेने ध्वनिमुद्रण सुरू केलं. पुढच्याच वर्षी ब्रन्सविक कंपनीचा पॅनाट्रोप बाजारात आला. त्यात तबकडीवरची कंपनं आधी विजेत बदलत, मग व्हॉल्व्ह त्यांना मोठं करत आणि स्पीकर ती ऐकवत असे. कर्ण्याची सद्दी संपू लागली.

व्हॉल्व्हला एकदिश प्रवाह लागतो आणि खांबावरून येतो तो दिशा बदलणारा. सुरुवातीचे रेडिओ म्हणूनच बॅटरीवर चालत. बॅटरीतून हम येत नाही. टोरंटोच्या एडवर्ड रॉजर्स यांनी १९२५ मध्ये बॅटरीवाचून चालणारा रेडिओ विकायला काढला आणि त्यानंतर सगळ्यांनीच घरच्या विजेचा रस्ता धरला. दिशा बदलणारी वीज रेक्टिफायर एका दिशेला वळवतो, तरी तिच्यात लाटा उरतात; त्या सपाट करायचं काम मोठ्या कपॅसिटरचं. व्हॉल्व्हचा फिलामेंट तापवायलाही तीच वीज, म्हणून फिलामेंट आणि कॅथोड वेगळे करावे लागले. हम कमीत कमी होईल असा बिंदू शोधण्यासाठी फिलामेंटवर एक छोटा व्हेरिएबल रेझिस्टर बसवत. त्याला इंग्रजी तंत्रज्ञ थट्टेने ‘हमडिंगर’ म्हणत.

या पिढीचा हम स्वरावरून ओळखता येतो. भारतात वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. रेक्टिफायर दोन्ही अर्धी आवर्तनं वापरतो, म्हणून त्याच्या लाटा सेकंदाला १०० पडतात. पेटीवरची पांढरी पाच अतिखर्जात नेली तर ४९ आणि त्यावरच्या सप्तकात ९८ कंपनांची. म्हणजे तारांतून शिरलेला ५० चा हम आणि पॉवर सप्लायमधून आलेला १०० चा हम हे एकाच स्वराचे दोन सप्तकांतले आवाज. दोन्ही पांढरी पाचपेक्षा अर्ध्या स्वराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने चढे. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या रेकॉर्डमागे हा हम तीव्र मध्यम आणि पंचम यांच्यामध्ये कुठेतरी लोंबकळतो, आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या मागे निषाद आणि षड्ज यांच्यामध्ये. कुठल्याच सुरात न बसणारा हा तंबोरा सवयीच्या कानाला इतका का खुपतो, ते यावरून कळावं. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची, तिथला हम काळी पाच आणि पांढरी सात यांच्यामध्ये पडतो.

परीक्षा सोपी आहे. अँप्लिफायरचा सिलेक्टर फोनोवरून दुसऱ्या इनपुटवर फिरवा. हम तसाच राहिला, तर टर्नटेबल निर्दोष आहे. तो चढ्या सप्तकातला आणि थोडा खरबरीत असेल, तर पॉवर सप्लायचे कपॅसिटर सुकले असण्याचा संभव मोठा. तीस-चाळीस वर्षांच्या अँप्लिफायरमध्ये हे नेहमीचं. कपॅसिटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळतात, पण बदलायचं काम जाणकाराकडेच द्यावं. वीज बंद केल्यावरही त्यांत भार शिल्लक असतो.

हलकी सुई, महाग कुजबुज

१९३० च्या दशकात आलेल्या क्रिस्टल पिकअपमध्ये रोशेल सॉल्टचा स्फटिक असे. सुईच्या हालचालीने तो वाकला, की एक व्होल्टच्या आसपास दाब देई. इतक्या मोठ्या आवाजापुढे हमची फारशी मात्रा चालत नसे. दुखणं वेगळंच होतं: हा स्फटिक दमट हवेत खराब होई. त्याची जागा पुढे सिरॅमिक पिकअपने घेतली. आपल्याकडे गावोगाव पोचलेले पोर्टेबल प्लेअर याच जातीचे. ज्यांनी ते बॅटरीवर ऐकले त्यांना हम भेटला नाही, याचं कारण दर्जापेक्षा रचनेत होतं.

क्रिस्टलची सुई जड, तबकडी झिजवणारी. १९४८ मध्ये कोलंबियाने बारीक खाचांची एलपी आणली आणि हलक्या, अचूक सुईची निकड वाढली. मॅग्नेटिक कार्ट्रिजनी ती भागवली, आणि किंमत व्होल्टमध्ये चुकती केली. आजच्या सर्वसाधारण मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी १९६० च्या दशकात तयार झालेलं डेनॉनचं डीएल-१०३ हे मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट देतं. सीडी प्लेअरच्या २ व्होल्टशी ताडून पाहा. पहिल्याला शेकडो पटीने वाढवावं लागतं, दुसऱ्याला हजारो पटीने, आणि वाटेत जे काही मिसळलं असेल तेही त्याच पटीने वाढतं.

यात खुद्द तबकडीने भर घातली. खर्जाचे स्वर आहेत तसे कोरले, तर खाच इतकी रुंद डोलते की एका बाजूला वीस मिनिटांचं संगीत मावत नाही. म्हणून कोरताना खर्ज दाबायचा, वरचे स्वर उचलायचे आणि ऐकताना बरोबर उलट करायचं, अशी रीत पडली. कंपनीगणिक वेगवेगळी असलेली ही मापं १९५४ मध्ये अमेरिकेतल्या आरआयएए या संघटनेच्या मानकाने एक झाली. त्या मानकानुसार फोनो प्रीअँप, म्हणजे कार्ट्रिजचा क्षीण आवाज वाढवणारा पहिला टप्पा, ५० आवर्तनांचा आवाज १००० च्या तुलनेत सुमारे ७ पट वाढवतो आणि १०,००० चा पाचव्या हिश्श्यावर आणतो. तबकडीवरची खरखर दबते, हे त्याचं पुण्य. पण हम नेमका त्या खर्जाच्या पट्ट्यात बसलेला. तबकडीवर खर्ज दाबलेला असतो, हम दाबलेला नसतो. तो कोरण्यानंतर येतो आणि फुगवणं तेवढं फुकटात मिळवतो.

आकडे मांडले तर चित्र स्पष्ट होतं. व्होल्टचा दोन लाखावा भाग, म्हणजे ५ मायक्रोव्होल्ट, एवढा हम कार्ट्रिजच्या तारेत शिरला, तर तो ५ मिलिव्होल्टच्या गाण्याच्या हजाराव्या हिश्श्याएवढा. प्रीअँपमधून बाहेर पडेपर्यंत सात पटींमुळे तो दीडशेव्या हिश्श्यापर्यंत येतो. रात्रीच्या वेळी, आलापाच्या मधल्या विरामात, तो ऐकू येतो.

कार्ट्रिज म्हणजे चुंबक आणि तारेची वेटोळी; ट्रान्सफॉर्मर आणि मोटर यांच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र टिपायला यापेक्षा योग्य यंत्र शोधून सापडायचं नाही. त्यावरचा उपाय समुद्राच्या तळाकडून आला. १९२३ मध्ये लंडनमध्ये विलोबी स्मिथ आणि हेन्री गार्नेट यांनी समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलसाठी म्यूमेटल हा मिश्रधातू तयार केला. चुंबकीय क्षेत्र स्वतःतून वळवून नेण्याच्या गुणामुळे तो पुढे ट्रान्सफॉर्मर आणि कार्ट्रिजची ढाल झाला. टर्नटेबल बनवणाऱ्यांनी मोटरच बदलून पाहिली. एडगर व्हिल्चर यांच्या १९६१ च्या अकूस्टिक रिसर्च एक्सए मॉडेलमध्ये छोटी, कमी ताकदीची मोटर पट्ट्याने तबकडी फिरवते.

या पिढीची ओळख हालचालीत आहे. मोटर बंद ठेवून कार्ट्रिज धरणारा आर्म हाताने तबकडीच्या कडेपासून मध्याकडे न्या. हम वाढत गेला, तर शेजारचा ट्रान्सफॉर्मर किंवा खालची यंत्रणा शोधा. मोटर चालू केल्यावरच वाढला, तर दोष मोटरच्या क्षेत्राचा आणि कमी शिल्ड असलेल्या कार्ट्रिजचा. टर्नटेबल अँप्लिफायरवर ठेवण्याची हौस इथेच नडते. दोन्ही फूट-दोन फूट दूर केली किंवा टर्नटेबलची दिशा वळवली, तर बऱ्याचदा बाकी काही करावं लागत नाही.

चार रंग आणि पाचवी तार

१९५७-५८ मध्ये स्टिरिओ एलपी आल्या. एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन चॅनेल, म्हणून कार्ट्रिजला दोनाऐवजी चार पिना. त्यांचे रंग ठरून गेले: पांढरी आणि निळी डाव्या चॅनेलच्या, लाल आणि हिरवी उजव्या चॅनेलच्या, त्यांपैकी निळी आणि हिरवी परतीच्या. आर्मच्या नळीतून जाणाऱ्या या तारा केसासारख्या बारीक, आणि कार्ट्रिजच्या पिनेला त्या चिमुकल्या क्लिपने जोडलेल्या. परतीची एक क्लिप सैल झाली, की त्या चॅनेलला भलामोठा हम येतो आणि गाणं जवळजवळ नाहीसं होतं.

यासाठीची तपासणी फुकट आहे. फोनो इनपुटवर डावी-उजवी पिन आपसात बदला. हम दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला, तर दोष टर्नटेबलच्या बाजूला. आहे तिथेच राहिला, तर प्रीअँपमध्ये.

पाचवी तार मात्र आवाजाची नाही. धातूचा आर्म, मोटरची चौकट आणि चकती हे सगळं आजूबाजूच्या विजेच्या क्षेत्रात अँटेनासारखं उभं असतं. त्याला प्रीअँपच्या बॉडीशी बांधून टाकणारी, टोकाला चिमटा असलेली ती बारीक तार. ती अँप्लिफायरच्या मागच्या ‘ग्राउंड’ लिहिलेल्या स्क्रूला लावायची असते. नव्या माणसाच्या हमचं सर्वांत साधं कारण म्हणजे ही तार लोंबत राहणं. पण सरसकट नियम करू नये. ब्रिटनच्या रेगा कंपनीच्या आर्ममध्ये ही जोडणी डाव्या चॅनेलच्या शिल्डमधूनच केलेली असते, वेगळी तार नसते. तिथे हौसेने आणखी एक तार जोडली, तर परतीच्या दोन वाटा होतात आणि नसलेला हम निर्माण होतो.

तिसऱ्या पिनेचं वर्तुळ

दोन वाटांचा हा प्रश्न घरभर पसरला तो अर्थिंगमुळे. आपल्याकडच्या तीन गोल पिनांच्या प्लगचं मूळ बीएस ५४६ या १९३४ च्या ब्रिटिश मानकात आहे. वरची जाड पिन अर्थिंगची. ती इमारतीच्या पायथ्याशी कोळसा-मीठ घालून पुरलेल्या पाइपापर्यंत किंवा प्लेटपर्यंत जाते. यंत्राच्या धातूच्या बॉडीत चुकून फेज उतरला, तर प्रवाह त्या वाटेने जाऊन फ्यूज उडावा आणि माणूस वाचावा, एवढंच तिचं काम.

आता अँप्लिफायर एका सॉकेटला अर्थ झाला आहे, कॉम्प्युटर दुसऱ्या सॉकेटला, आणि दोघांना आरसीए केबल जोडते. अर्थिंगची तार आणि केबलची शिल्ड मिळून एक बंद वर्तुळ तयार झालं. दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टांचा फरक असतोच. त्याने शिल्डमधून प्रवाह वाहू लागतो, आणि शिल्ड हीच आवाजाची परतीची तार. ट्रामची वीज टेलिफोनमध्ये मिसळत होती, तीच ही गोष्ट. केबल टीव्ही घरात आला तेव्हा वर्तुळ आणखी मोठं झालं, कारण त्याच्या जाड वायरीची शिल्ड कुठल्यातरी दुसऱ्याच इमारतीत अर्थ झालेली असू शकते.

म्हणून पहिली कृती: अँप्लिफायरला टर्नटेबल तेवढं ठेवून बाकी सगळ्या केबल काढा, टीव्हीचीही. हम गेला, तर एकेक परत जोडत दोषी शोधा. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतली, की अर्थमधला फरक बराच मिटतो. तरी राहिला, तर आवाजाच्या वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवता येतो. तिसरी पिन कापणं किंवा तीन पिनांचं यंत्र दोन पिनांच्या अडॅप्टरवर चालवणं हा उपाय गावभर सांगितला जातो आणि हमही लगेच थांबतो. त्यासोबत माणसाला वाचवणारी वाटही थांबते. तो करू नये.

ध्वनिक्षेत्राला हे सगळं ठाऊक होतं, तरी यंत्रं चुकीची बनत राहिली. १९९५ मध्ये नील मन्सी यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात दाखवलं, की अनेक व्यावसायिक यंत्रांत शिल्ड बॉडीला न जोडता आतल्या सर्किटच्या ग्राउंडला जोडली जाते आणि त्यामुळे शिल्डवरचा कचरा थेट आवाजात शिरतो. बेलच्या पेटंटनंतर शंभराहून अधिक वर्षांनी तोच धडा नव्याने लिहावा लागला.

अलीकडे घरात आलेले शेजारी निराळे आवाज करतात. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वीज मध्येच तोडतो, त्याची करकर हमपेक्षा टोकदार असते. स्वस्त एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर याच जातीचे. एकेक बंद करून पाहिलं की कळतं.

तबकडीतलाच हम

एक हम मात्र यातल्या कुठल्याच उपायाने जात नाही. सुई तबकडीवर टेकली की तो येतो, उचलली की जातो, आणि दुसऱ्या रेकॉर्डला नसतो. तो मुद्रणाच्या दिवशी स्टुडिओच्या विजेतून शिरून खाचेत कोरला गेलेला आहे. त्याच्यापायी आपलं यंत्र उघडू नये.

या कोरल्या गेलेल्या हमला गेल्या काही दशकांत नवं मोल आलं आहे. विजेची आवर्तनं कधीच अगदी ५० नसतात. मागणी वाढली की घटतात, कमी झाली की चढतात, आणि एका ग्रिडवरच्या सगळ्या गावांत ती एकाच वेळी तशीच हलतात. रुमानियाचे कॅटलिन ग्रिगोरास यांनी या शतकाच्या सुरुवातीला दाखवलं, की ध्वनिमुद्रणातला हम ग्रिडच्या नोंदींशी ताडून ते कधी झालं आणि मध्ये कापाकापी झाली का, हे सांगता येतं. लंडनच्या पोलिसांची प्रयोगशाळा २००५ पासून त्यासाठी विजेचा हम सतत नोंदवते आहे.

भारतात हा चढउतार एके काळी फार होता. तबकडीखालची सिंक्रोनस मोटर विजेच्याच तालावर फिरते. आवर्तनं ४८.५ वर उतरली, की एलपी ३ टक्के सावकाश फिरून गाणं जवळपास पाव स्वर खाली येई, आणि हमही तेवढाच उतरे. वेग तपासायची रेघांची चकती तिथे उपयोगाची नव्हती. ५० आवर्तनांच्या दिव्याखाली तिच्या १८० रेघा स्थिर दिसल्या म्हणजे वेग बरोबर, असं मानायचं. पण दिवा आणि मोटर एकाच विजेवर, त्यामुळे दोघेही मिळून चुकत. जुलै २००२ मध्ये पश्चिम विभागात आवर्तनांनुसार दर ठरवणारी पद्धत आली आणि शिस्त वाढली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. तेव्हापासून पुण्यातला आणि चेन्नईतला हम एकाच तालावर हलतो.

संग्राहकाला यातून एक उपयोगी साधन मिळतं. ५० आवर्तनांच्या देशात मुद्रित झालेल्या रेकॉर्डमधला हम मोजला आणि तो ५१.५ निघाला, तर विजेच्या त्या दिवशीच्या चढउताराची थोडी सूट देऊन म्हणता येतं, की रेकॉर्ड ३ टक्के जलद वाजते आहे. ७८ आरपीएमच्या काळात अनेक तबकड्या खऱ्या ७८ वर कोरलेल्याच नव्हत्या. त्या काळातल्या गायकाचा षड्ज नक्की कुठे होता, हे ठरवायला दुसरा साक्षीदार सहसा मिळत नाही. म्हणून अशा रेकॉर्डचं डिजिटल रूप करताना आपल्या साखळीतला हम आधी मुळापासून काढावा आणि तबकडीतला हम फिल्टरने पुसण्यापूर्वी त्याची एक शुद्ध प्रत जपून ठेवावी.